परवानगी मागायची नाही, कळवायचं

तुमचा प्रश्न: धर्मावर श्रद्धा आहे, कायदाही पाळायचा आहे, मग अन्यायकारक कायद्याला विरोध कसा करायचा? आमच्या घरात यावरून दोन वर्षं मामांशी धड बोलणं नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही बडोद्याचे, मूळ अकोल्याकडचे. आजोबांनी १९५६ ला नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, पण कागदावर हिंदूच राहिले. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० उजाडलं, तोवर पोरांची शिक्षणं कोण सोडणार? आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीनंतर ठरवलं की आता रीतसर दीक्षा घ्यायची आणि कागदही सरळ करायचे. गुजरातच्या २००३ च्या कायद्यानं धर्मांतराच्या विधीआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आधी काही कचेऱ्या 'बौद्ध म्हणजे हिंदूच' म्हणत अर्ज परत करायच्या. एप्रिल २०२४ मध्ये गृहखात्याचं परिपत्रक आलं, बौद्ध धर्म वेगळा, परवानगी हवीच.

मामा सरकारी नोकरीतून निवृत्त. ते म्हणाले, "भाऊजी, अर्ज करा आणि गप्प वाट बघा. सत्याग्रह आता सोडा, हे बाबासाहेबच सांगून गेलेत."

भंतेजी म्हणजे दीक्षा देणारे बौद्ध भिक्खू, त्यांच्या अर्जाला आबांनी स्वतःचं पत्र जोडलं. 'परवानगी मिळावी' लिहिलं होतं, ते खोडून वर 'कळवीत आहे' केलं. खाली तारीख, १४ ऑक्टोबर, आणि जागा, कमाटीबाग. कारकुनानं कागद उलटापालटा करून विचारलं, "कोईए पैसा आप्या?" म्हणजे कुणी पैसे दिले का? आबा म्हणाले, "माझ्या बापानं नागपूरचं तिकीट स्वतःच्या पैशानं काढलं होतं." पत्र घेईनात. तिसऱ्या खेपेला शिक्का मिळाला.

तारीख आली, उत्तर नाही. भंतेजी तयार होते, पण आबांनी त्यांना येऊ दिलं नाही. विधी करणाऱ्यावर या कायद्यात खटला होतो. "नियम मी मोडतोय, भोगायचं तर मी भोगीन." १९१७ मध्ये राहायला जागा मिळेना तेव्हा बाबासाहेब जिथं बसले होते तिथं, कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर, आबांनी बावीस प्रतिज्ञा एकट्यानं वाचल्या. चष्मा विसरले होते, पाच-सहा प्रतिज्ञा तर पाठच म्हटल्या.

मामा बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण नेहमी अर्धंच सांगतात. सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रहाला जागा नाही, असं बाबासाहेब म्हणाले हे खरंच. पण ते मार्ग नव्हते तेव्हा तो रास्त होता, हेही त्याच भाषणात आहे. नुसतं उत्तरच न देणारी कचेरी हा कसला खुला मार्ग? कोर्ट आहे, मान्य. पण सत्तरीतल्या माणसानं स्वतःच्या श्रद्धेसाठी वकील लावायचा?

जबरदस्तीनं किंवा पैसे देऊन धर्म बदलायला लावणाऱ्याला शिक्षा व्हावीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी वकील नाही, तेव्हा आबांचं बघून उद्या निघू नका, आधी विचारा. लपून मात्र काही करू नका. कागद अजूनही सरळ झालेले नाहीत.

मामा म्हणतात, "अर्ज दिला म्हणजे कायदा पाळलाच की!" शिक्क्याची ती झेरॉक्स मी लॅमिनेट करून आणलीय. दिवाळीला येणार आहेत, चहाच्या ट्रेखाली ठेवीन.