एखादं ठिकाण परदेशी पर्यटकांना कसं खेचून घेतं? आंतरराष्ट्रीय पर्यटनात सध्या काय बदलतंय?

तुम्ही पर्यटनाच्या अभ्यासक्रमासाठी प्रकल्प करताय. काही देश जाहिरातींवर भरपूर पैसा ओतूनही रिकामे का राहतात, काही ठिकाणी पाय ठेवायला जागा का नसते आणि या क्षेत्रात नवं काय घडतंय, असं तुम्ही विचारलंय. परदेश सहलींची आखणी हेच माझं काम असल्यामुळे हा प्रश्न रोजच माझ्यासमोर असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सहल ठरवायला आलेली माणसं ‘तिथे बघण्यासारखं काय आहे’ हे बहुतेक वेळा नंतर विचारतात. व्हिसा मिळेल का, किती दिवसांत मिळेल, थेट विमान आहे का, हे प्रश्न आधी येतात. अर्धे देश यादीतून तिथेच गळतात, त्यांच्या समुद्रकिनाऱ्यांचे फोटो कितीही सुंदर असोत. म्हणून माझं ठाम मत असं आहे की तिथे पोहोचणं सोपं करणं हे पर्यटनवाढीचं पहिलं काम आहे. जाहिरातीचा नंबर त्यानंतर लागतो.

आइसलँडच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. एप्रिल 2010 मध्ये तिथल्या एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमानसेवा कित्येक दिवस ठप्प झाली आणि पर्यटनाचा हंगाम हातचा जाणार अशी तिथल्या व्यावसायिकांना धास्ती वाटू लागली. मग सरकार आणि व्यावसायिक यांनी मिळून एक मोहीम काढली. देशातल्या सामान्य लोकांना आणि तिथे जाऊन आलेल्यांना त्यांनी आपले अनुभव जगाला सांगायला लावले. त्या वर्षी तिथे सुमारे 5 लाख परदेशी पाहुणे आले होते. 2018 मध्ये हा आकडा 23 लाखांपर्यंत गेला, आणि देशाची लोकसंख्या तर जेमतेम साडेतीन लाख. मोहीम उत्तम होतीच, पण एवढी वाढ एकट्या मोहिमेने होत नाही. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्या अगदी वाटेवर हा देश आहे. अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवाशांना वाटेत काही दिवस उतरायची मुभा आइसलँडएअर अनेक दशकं देत आली आहे, आणि त्यासाठी जादा विमानभाडं घेत नाही. त्यात 2012 मध्ये वाव एअर ही स्वस्त कंपनी आली. मार्च 2019 मध्ये ती बंद पडली आणि त्या वर्षी पर्यटकांची संख्या 20 लाखांच्या आसपास उतरली. धबधबे, हिमनद्या, नॉर्दर्न लाइट्स सगळं जागच्या जागी होतं, विमानातल्या जागा मात्र कमी झाल्या होत्या.

जपानचंही असंच. 2013 पासून त्यांनी थायलंड, मलेशिया अशा आग्नेय आशियाई देशांसाठी व्हिसाचे नियम शिथिल करत नेले. 2012 मध्ये तिथे सुमारे 84 लाख परदेशी गेले होते, 2019 मध्ये जवळपास 3 कोटी 19 लाख. पुढे येन घसरत 2024 च्या मध्याला एका डॉलरला 160 पर्यंत गेला, म्हणजे परदेशी पाहुण्यांना जपान स्वस्त पडू लागलं, आणि त्या वर्षी 3 कोटी 68 लाखांहून जास्त लोक जपानला जाऊन आले. चलनाचा भाव पर्यटन मंडळाच्या हातात नसतो, पण संधी आली तेव्हा व्हिसा आणि विमानं यांची तयारी आधीच झालेली होती, हे महत्त्वाचं.

सौदी अरेबियाने सप्टेंबर 2019 मध्ये 49 देशांच्या नागरिकांना पर्यटनासाठी ई-व्हिसा खुला केला. त्याआधी तिथे मुख्यतः तीर्थयात्रा, कामधंदा किंवा नातेवाइकांची भेट यासाठीच जाता येत असे. चीनने डिसेंबर 2023 मध्ये फ्रान्स, जर्मनीसह सहा देशांपासून व्हिसामाफी सुरू केली आणि नंतर ती यादी बरीच वाढवली. देशादेशांत सध्या खरी चढाओढ या दाराशीच चालली आहे, असं मला वाटतं.

जाहिरात निरुपयोगी असते असं मात्र समजू नका. ती कशी करावी याचा उत्तम नमुना ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने 2009 मध्ये घालून दिला. ग्रेट बॅरिअर रीफजवळच्या हॅमिल्टन बेटावर सहा महिने राहायचं, फिरायचं, त्याबद्दल लिहायचं आणि पगार दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, अशी नोकरीची जाहिरात त्यांनी दिली. जगभरातून 34 हजारांहून अधिक अर्ज आले. प्रत्येक उमेदवाराला आपला व्हिडिओ पाठवायचा होता, म्हणजे तो तयार करण्याआधी त्या बेटांची माहिती काढणं आलंच. बातम्यांमधून मिळालेली प्रसिद्धी तर विकत घेऊ म्हटलं तरी परवडली नसती. इन्फ्लुएन्सरना बोलावण्याची जी पद्धत आज सगळीकडे दिसते, तिची चाहूल इथे लागते.

कार्यक्रमांसाठी प्रवास हा प्रकारही वाढतोय. मार्च 2024 मध्ये टेलर स्विफ्टचे सहा कार्यक्रम सिंगापूरमध्ये झाले आणि आग्नेय आशियात दुसरीकडे कुठेच झाले नाहीत. त्यासाठी सरकारने आयोजकांना आर्थिक मदत दिली होती. शेजारच्या देशांमधून या निर्णयावर उघड नाराजी व्यक्त झाली. एका गायिकेच्या वेळापत्रकावरून देशांमध्ये कुरबुर व्हावी, यावरूनच त्या प्रवासाचं मोल लक्षात येईल.

आता बदलांबद्दल. 2019 मध्ये जगभरात सुमारे 146 कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक नोंदले गेले, 2020 मध्ये ते 40 कोटींच्या आसपास कोसळले आणि 2024 मध्ये पुन्हा 140 कोटींवर आले. आकडे पूर्वपदावर आले, पण यजमानांची मनं पूर्वीसारखी राहिलेली नाहीत, आणि मला सगळ्यात मोठा बदल हाच वाटतो. ‘आणखी या’ असं म्हणणारी शहरं आता कोण येतो, कधी येतो, किती दिवस राहतो हे विचारू लागली आहेत. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून 2024 मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या 10 हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने 2028 पर्यंत संपवले जातील, कारण स्थानिकांनाच भाड्याने घर परवडेनासं झालंय. ॲमस्टरडॅमने 2023 मध्ये तर चक्क ‘येऊ नका’ असं सांगणारी मोहीम चालवली. धिंगाणा घालायला येणाऱ्या ब्रिटिश तरुणांसाठी ती होती.

व्हेनिसचं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. त्या शहराच्या ऐतिहासिक भागातली लोकसंख्या 2022 मध्ये 50 हजारांच्या खाली गेली. एप्रिल 2024 पासून मुक्काम न करता दिवसभरासाठी येणाऱ्यांवर, ठरावीक दिवशी, 5 युरो शुल्क लागू झालं. 2025 मध्ये हे दिवस 54 केले आणि उशिरा नोंदणी करणाऱ्यांसाठी शुल्क 10 युरो झालं. एवढ्या लांबून, एवढा खर्च करून आलेला माणूस 5 किंवा 10 युरोंसाठी माघारी जाईल, हे मला पटत नाही. 2021 मध्ये मोठ्या क्रूझ जहाजांना शहराच्या मुख्य जलमार्गात येण्यापासून रोखलं, तो निर्णय मला जास्त ठोस वाटतो.

शुल्काने फरक पडायचा असेल तर ते जाणवेल एवढं हवं आणि ते पैसे कुठे जातात हे दिसायला हवं. रवांडाने 2017 मध्ये पर्वतीय गोरिला पाहण्याच्या परवान्याची किंमत 750 वरून थेट 1500 डॉलर केली. गोरिलांच्या एका कळपाजवळ दिवसातून एकदाच, फार तर आठ पर्यटक, तेही एक तास. उद्यानाच्या पर्यटन उत्पन्नातला आसपासच्या गावांचा वाटा त्याच वर्षी 5 वरून 10 टक्के केला. जंगलालगतच्या शेतकऱ्याला जिवंत गोरिलाचा फायदा मिळू लागला की राखणही मनापासून होते. 2018 मध्ये पर्वतीय गोरिला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आले. त्यामागे कित्येक वर्षांचं संरक्षणाचं काम आहे, पण पर्यटनाच्या पैशाचाही त्यात हात आहे. हे वाचलं की आपल्या व्यवसायाबद्दल मला मनापासून अभिमान वाटतो.

अर्थात महाग करणं हा सगळ्यांना लागू पडणारा उपाय नाही. भूतानने सप्टेंबर 2022 मध्ये बहुतेक परदेशी पर्यटकांसाठीचं शाश्वत विकास शुल्क माणशी एका रात्रीला 65 वरून 200 डॉलर केलं आणि वर्षभरातच ते 100 वर आणावं लागलं. आधीच महासाथीने खचलेल्या हॉटेलवाल्यांना आणि गाइड लोकांना एवढी उंच पायरी झेपली नाही. कोपनहेगनने 2024 च्या उन्हाळ्यात वेगळी वाट धरली. सायकलने आलात किंवा कालव्यातला कचरा गोळा केलात, तर काही संग्रहालयांमध्ये आणि कॅफेंमध्ये सवलत किंवा भेट. छोटा प्रयोग आहे, पण मला आवडला.

हवामानामुळेही सहलींचे महिने बदलताहेत. जुलै 2023 मध्ये उष्णतेमुळे अथेन्सचं ॲक्रोपोलिस दुपारी बंद ठेवावं लागलं, त्याच महिन्यात ऱ्होड्स बेटावर वणव्यांमुळे हजारो पर्यटकांना हलवलं गेलं. भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्यांना मी आता मे किंवा ऑक्टोबर सुचवते, आणि उन्हाळ्यातच जायचं असेल तर नॉर्वे, फिनलंडकडे वळवते. लॅपटॉपवर काम करत महिनोन्‌महिने राहणाऱ्यांसाठीचे व्हिसाही आता बरेच झालेत. बार्बाडोस आणि एस्टोनिया यांनी 2020 मध्येच ते सुरू केले होते. एक माणूस सहा महिने राहिला तर विमानतळावर नोंद एकदाच होते, पण खर्च रोज होतो.

तुमच्या प्रकल्पासाठी एक सुचवते. फक्त ‘किती पर्यटक आले’ या आकड्यावर थांबू नका. सरासरी मुक्काम, माणशी खर्च, वर्षातल्या कोणत्या महिन्यांत गर्दी एकवटते, थेट विमानांच्या जागा किती आणि घरभाडी कशी बदलली, हे पाच आकडे एकत्र मांडा. सुरुवातीला आइसलँडच घ्या, कारण तिथल्या पर्यटन मंडळाची महिनावार, देशवार आकडेवारी सगळ्यांना खुली आहे. 2010 ते 2019 हा काळ घेतलात तर विमानं, मोहीम आणि गर्दी यांचा संबंध तुम्हाला स्वतःच तपासून पाहता येईल.