अंबाडी लावून शेत साफ होतं का?

दादा, एमआयडीसीच्या नाल्याकाठचं खाचर, रिपोर्टात शिसं आणि क्रोमियम आलंय, भात बंद केलात, आता अंबाडी लावली तर दोन-तीन वर्षांत माती साफ होईल का, असं विचारलंत. नाही होणार हो. अंबाडी मातीतला धातू ओढून घेते म्हणून व्हिडिओवाले काहीही सांगतात.

साधा हिशोब बघा. एका गुंठ्याची वरची सहा इंच माती म्हणजे ढोबळ 20 टन. किलोमागे 200 मिलिग्रॅम शिसं धरलं तर गुंठ्यात 4 किलो झालं. अंबाडी झक्कास आली, गुंठ्याला 100 किलो सुका माल निघाला आणि त्यात किलोमागे 10 मिलिग्रॅम चढलं, तरी वर्षाला बाहेर गेलं 1 ग्रॅम! करा भागाकार.

पण लावा जरूर, पडीक ठेवण्यापेक्षा वाख (दोरासाठीचा धागा) तरी मिळेल, आणि शिसं बरंचसं मुळांमध्येच अडकतं. फक्त खाचरात पाणी तुंबतं ते कोवळ्या अंबाडीला सोसत नाही, गादीवाफे करा.

खरी भानगड पाल्याची. आमच्याकडे पहिल्याच वर्षी श्रावणात बघतो तर शेजारच्या काकू ओटीभर कोवळा पाला खुडून निघालेल्या, भाजीला! मी सांगितलं तर म्हणतात, एवढी हिरवीगार आहे, हिला काय धाड भरलीय? दुसऱ्या दिवशी वई, म्हणजे कुंपण, घातली. गुरंही आत सोडू नका.

वाख काढायला मोळ्या पऱ्यात (ओढ्यात) भिजत घालू नका, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरतात, शिवाय पाल्याखोडातला धातू थोडाफार पाण्यात उतरतो तो वेगळाच. ताडपत्री घालून खड्डा करा, दोनेक आठवडे लागतात, आणि ते पाणी परत त्याच शेतात, विहिरीच्या बाजूला नको. वाख सोलून उरलेल्या काड्या बघून राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, न्यायचा मोह होतो बघा, मलाही झालेला, पण धातू काय जळत नाही, राखेत उरतो, म्हणजे नाल्याकाठचं शिसं आपणच आपल्या हाताने चांगल्या तरव्यात (रोपांच्या वाफ्यात) नेऊन ठेवायचं.

चुन्याचं विचारलंत. आपली जांभ्याची माती आंबट, चुन्याने शिसं, कॅडमियम कमी विरघळतं हे बरोबर. पण क्रोमियम सहा-वाला (हेक्साव्हॅलंट, जास्त विषारी प्रकार) असेल तर उलटं, आंबटपणा गेला की तो जास्त सुटा होतो. रिपोर्टात नुसतं एकूण क्रोमियम असेल तर त्यात सहा-वाला किती ते लॅबकडून वेगळं करून मागा, तोवर चुन्याची गोणी फोडू नका.