आर्ट प्रोजेक्टमध्ये नेहमीचे रंग सोडून नवीन मटेरियल वापरावं का? तुमचा अनुभव काय?

तुम्ही फाउंडेशनला, म्हणजे कलाशिक्षणाच्या सुरुवातीच्या वर्षाला आहात आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत: नवीन मटेरियल वापरलं तर मार्क जातील का, आणि आधी जलरंग, पोस्टर कलर पक्के करून मगच तिकडे वळावं का. मी पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सध्या माझं बहुतेक काम हळदीत चाललंय. त्यामुळे जे सांगते ते हळदीच्या अनुभवावरून.

वापरा, नक्की वापरा. पण मटेरियल हातात आल्या आल्या त्याच्यावर विषय लादू नका. 'पर्यावरण' हा विषय आधी ठरवायचा आणि मग वेगळं दिसावं म्हणून त्यावर गोणपाट, वाळू, जुन्या सीडीचे तुकडे चिकटवायचे, अशी कामं प्रत्येक वार्षिक प्रदर्शनात असतात. त्यातलं गोणपाट काढून तिथे तपकिरी रंग लावला तरी चित्रात काही फरक पडत नाही. मग ते मटेरियल तिथे कशाला हवं? आधी ते काय करतं हे बघायचं. ते कशात विरघळतं, कशाने रंग बदलतं, उन्हात, पाण्यात, घडी घातल्यावर त्याचं काय होतं. माझा विषय मला तिथूनच मिळाला.

आम्ही सांगलीचे, त्यामुळे घरात हळदीला तोटा नाही. पाण्यात कालवून लावली की ती कागदावर नुसती पूड होऊन बसते आणि वाळल्यावर बोटाला येते. कारण हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. स्पिरिटमध्ये मात्र झटकन उतरतो. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये हळद ढवळून ठेवायची, गाळ खाली बसला की वरचं सुती कापडातून गाळून घ्यायचं. चपट्या ब्रशने कार्ट्रिज पेपरवर (चित्रकलेच्या जाड कागदावर) हे गाळलेलं स्पिरिट मारलं की कागद आतून पिवळा होतो, कण दिसत नाहीत. दुसरा हात दिला की रंग आणखी भरतो. कागद मात्र चांगला सायझिंग केलेला, म्हणजे पटकन शोषू नये म्हणून खळ दिलेला हवा, नाहीतर तो टिपकागदासारखा सगळं पिऊन टाकतो आणि डाग डाग दिसतात. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे सगळं खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून लांब करायचं.

अशा वाळलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीत बुडवलेला ब्रश फिरवला की रेघ पिवळ्याची लालसर तपकिरी होते, डोळ्यांदेखत. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर. त्याच रेघेवर लिंबू फिरवलं की परत पिवळी. एका कागदावर एकाच रंगाने दोन रंगांत रेखाटन करता येतं, आणि खोडताही येतं!

आणि तिसरा गुण तर प्रत्येक घरात माहीत असतो. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो आणि कपडा उन्हात वाळत घातला की हळूहळू निघून जातो. चित्रकाराच्या दृष्टीने हा दोषच. पण हेच उलट बाजूने बघितलं तर? पिवळा केलेला कागद घ्यायचा, त्यावर एखादी सपाट वस्तू ठेवायची, वरून काच दाबून चिमटे लावायचे आणि गच्चीवर कडक उन्हात सोडून द्यायचं. उघडा भाग उडून फिका होतो, वस्तूखालचा पिवळा राहतो. काच उचलली की वस्तूची आकृती कागदावर. नंतर तो कागद टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्यातून काढला की उरलेला पिवळा तांबूस-तपकिरी होतो आणि आकृती उठून दिसते.

हे मी शोधलेलं नाही. याला अँथोटाइप म्हणतात. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने फुलापानांच्या रसांवर उन्हाचा परिणाम तपासून 1842 मध्ये त्याबद्दल लिहिलं. सायनोटाइप हा निळ्या छापाचा प्रकारही त्याचाच, त्याच वर्षीचा. सायनोटाइप टिकतो, म्हणून पुढे इमारतींच्या नकाशांसाठी तो दशकानुदशकं वापरला गेला. अँथोटाइप मागे पडला, कारण तो पक्का करायची सोयच नाही. ज्या उन्हाने चित्र काढलं, तेच ऊन पुढे ते पुसून टाकतं.

माझा विषय इथे सापडला. आमच्या घरातल्या, आता कोणी न वापरणाऱ्या वस्तू मी छापायला घेतल्या. आजीने विणलेले क्रोशाचे रुमाल, पितळी सोऱ्याच्या चकत्या, जुन्या कंदिलाची जाळी. क्रोशाचा रुमाल फार सुंदर उतरतो. प्रत्येक टाका वेगळा दिसतो, आणि जिथे कापड काचेखाली नीट दाबलं गेलेलं नाही तिथे कड धूसर होते, वस्तू जरा लांब गेल्यासारखी वाटते. जाणाऱ्या वस्तू जाणाऱ्या रंगात. हे मी आधी ठरवून हळद शोधायला गेले असते तर कधीच सुचलं नसतं.

आता मार्कांचं. परीक्षकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "हे टिकणार का?" नवीन मटेरियल वापरलंत तर हा प्रश्न तुम्हालाही येणार, आणि त्याचं उत्तर तयार असलंच पाहिजे. मी सांगितलं की टिकणार नाही, आणि ते कामाचाच भाग आहे. प्रत्येक छापावर मी काळं कापड सोडलं होतं. बघणाऱ्याने ते उचलायचं, बघायचं आणि परत खाली सोडायचं. जितके लोक बघतील तितकं चित्र झिजेल. परीक्षक कापड धरून बराच वेळ बोलत राहिले, मार्क गेले नाहीत. पण 'माहीत नाही' किंवा 'वेगळं वाटलं म्हणून' असं उत्तर दिलं तर मार्क जातात, आणि मला वाटतं जायलाच हवेत.

टिकण्याचा प्रश्न फक्त विद्यार्थ्यांना पडतो असंही नाही. एव्हा हेस या शिल्पकर्तीने 1960च्या दशकाच्या शेवटी लेटेक्समध्ये, म्हणजे रबराच्या चिकात, विलक्षण कामं केली. आज त्यातलं बरंचसं लेटेक्स काळपट पिवळं आणि ठिसूळ झालंय, आणि ती कामं दाखवायची तरी कशी, हा संग्रहालयांपुढे प्रश्न आहे. उलट अजिंठ्यात जा. तिथला तांबडा-पिवळा रंग म्हणजे गेरू आणि पिवळी माती, खनिज रंग, म्हणून इतक्या शतकांनंतरही दिसतो. माती, भुसा, तंतू कालवून केलेल्या गिलाव्यावर ते काम आहे. म्हणजे साधं, आसपासचं मटेरियल कच्चंच असतं असं काही नाही. कोणतं राहतं आणि कोणतं उडतं, हे आपल्याला माहीत पाहिजे.

त्यासाठी एक नमुना वही ठेवा. प्रत्येक पानावर मटेरियलचा एक पट्टा, शेजारी कशात कालवलं, कोणता कागद आणि तारीख. त्याच पट्ट्याचा दुसरा तुकडा करून त्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवा. महिन्याभराने झाकण काढलं की सगळं समोर येतं. बीट, पालक, जास्वंद, चहा, कॉफी, प्रत्येकाची चाल वेगळी आहे. बीट आणि पालकाला छाप द्यायला हळदीपेक्षा कितीतरी जास्त ऊन लागतं. प्रोजेक्टच्या गुणांपेक्षा मला या वहीची किंमत जास्त वाटते.

नेहमीचे रंग आधी पक्के करावेत का? दोन्ही बरोबर चालू द्या. हळदीचा सपाट, एकसारखा हात मला मारता येतो तो जलरंगाचे वॉश (पातळ रंगाचे सपाट हात) घोटून घोटून. पण एक मटेरियल धरलं की लगेच सोडू नका. शिल्पकार मृणालिनी मुखर्जी बडोद्याला शिकल्या, आणि पुढे वर्षानुवर्षं वनस्पतींच्या तंतूंच्या दोराला हाताने गाठी मारत राहिल्या. त्या गाठींतूनच माणसाहून उंच आकृती उभ्या राहिल्या. आपल्याकडे चित्रकार प्रभाकर बरवे यांनी कॅनव्हासवर इनॅमल पेंट वापरला, दारं-खिडक्या रंगवतात त्या जातीचा, आणि त्याच्या गुळगुळीत, सपाट पृष्ठभागातून स्वतःची अवकाशाची भाषा घडवली. मटेरियल हार्डवेअरच्या दुकानातलं असलं तरी चालतं. त्याच्याशी लांबचा सहवास हवा.

रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं रसायन) वापरणार असाल तर हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना चांगलंच तापतं. त्यात हात बुडवून साचा घ्यायचा प्रकार करू नका, भाजून गंभीर इजा होऊ शकते. पूड कालवताना मास्क लावा.

हळदीपासूनच सुरुवात करायची असेल तर पावसाळ्याच्या आधी करा. मार्च-एप्रिलच्या उन्हात छाप काही तासांत येतो, ढगाळ हवेत कागद दिवसेंदिवस तसाच पिवळा राहतो. हळकुंडं आणून घरीच दळलेली बरी, बाजारच्या पुडीत कृत्रिम रंगाची भेसळ असली तर रंग नीट उडत नाही. आणि छाप झाल्या झाल्या त्याचा फोटो काढून ठेवा, सबमिशनच्या फाइलला तोच लागेल.