सायकल चालवताना घड्याळ दाखवतं त्या कॅलरी कितपत खऱ्या?

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब कळायला सोपं जाईल. वय ४०, वजन ७२ किलो, हायब्रिड सायकल, पुण्यात सकाळी २५ किलोमीटर, वेळ सव्वा तास, हृदयाचे सरासरी ठोके मिनिटाला १३२. मनगटावरचं घड्याळ म्हणतं ८९० कॅलरी, फोनवरचं स्ट्रावा हे सायकलिंग नोंदवणारं ॲप म्हणतं ४८०. खरं कुठलं, आणि ८९० धरून नाश्ता केला तर चालेल का, हा तुमचा प्रश्न. शिवाय बरोबर येणाऱ्या वडिलांचं तसंच घड्याळ त्यांना एवढ्या कमी कॅलरी का दाखवतं, हेही विचारलंय.

४८० च्या आसपासचा आकडा खरा असण्याची शक्यता खूप जास्त आहे. ८९० च्या भरवशावर खाऊ नका.

घड्याळाला तुम्ही पेडलवर किती जोर लावताय हे दिसतच नाही. चालताना-पळताना हात हलतो, त्यावरून त्याला थोडाफार अंदाज येतो. सायकलवर हात हँडलवर स्थिर, त्यामुळे उरतात फक्त हृदयाचे ठोके, वय, वजन आणि पुरुष की स्त्री. हिरव्या दिव्याच्या उजेडात कातडीखालचं रक्त कमी-जास्त होतं ते मोजून घड्याळ ठोके काढतं. हे काम ते बऱ्यापैकी चोख करतं. चूक होते ती ठोक्यांवरून कॅलरी काढताना.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात घड्याळं ६० जणांच्या हातात बांधून तपासली होती. त्यात ॲपल, फिटबिट, सॅमसंग वगैरे होती. सातपैकी सहा घड्याळांची ठोक्यांमधली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यांत चांगलं घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. बरं, त्यातली सायकल प्रयोगशाळेत जागेवर उभी होती. आपल्याकडचे खड्डे, स्पीडब्रेकर आणि घट्ट धरलेलं हँडल त्या चाचणीत नव्हतं. तेव्हापासून घड्याळं सुधारली आहेत, पण ठोक्यांवरून कॅलरीचा अंदाज बांधायची मूळ अडचण तशीच आहे.

कंपन्या आपलं गणित उघड करत नाहीत. पण ठोके, वजन आणि वय यांवरून कॅलरी काढायचं एक समीकरण २००५ साली प्रसिद्ध झालंय आणि ते खूप वापरलं जातं. त्यात तुमचे आकडे घातले तर सव्वा तासाला साधारण ९०५ येतात, म्हणजे तुमच्या घड्याळाच्या अगदी जवळ. आता त्याच समीकरणात ठोके फक्त १० ने वाढवून बघा: तासाला ९० कॅलरी वाढतात. आणि ठोके दहाने वाढायला जास्त कष्ट लागतातच असं नाही. रात्री झोप कमी झाली, निघताना कडक कॉफी घेतली, पाणी कमी प्यायलं, पुढे ट्रक आडवा आला, तरी वाढतात. माझ्या सायकलला पॉवर मीटर आहे, म्हणजे पेडलवर लावलेला जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र. मे महिन्यात नऊनंतर त्याच रस्त्यावर वॅट तेवढेच असतात आणि ठोके मात्र चढत जातात, कारण अंग थंड ठेवायला हृदय रक्त कातडीकडे पंप करत असतं. घड्याळाच्या हिशेबात ती सगळी मेहनत होऊन बसते.

सायकलची एक गोष्ट मला फार आवडते. चालण्या-पळण्यात किती काम झालं हे बाहेरून मोजणं अवघड, सायकलवर ते सरळ मोजता येतं. पॉवर मीटर क्रँकमध्ये (पेडल जोडलेल्या दांड्यात) किंवा पेडलमध्ये बसतो आणि झालेलं काम किलोज्यूलमध्ये सांगतो; चांगल्या मीटरची चूक एक-दोन टक्के. आता एक कॅलरी, म्हणजे खाण्याच्या पाकिटावरची, ४.१८४ किलोज्यूल. आणि खाल्लेल्या ऊर्जेतला जेमतेम २० ते २५ टक्के भाग पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. एकीकडे चारने भागायचं, दुसरीकडे चारने गुणायचं, म्हणून पेडलवर जितके किलोज्यूल जवळपास तितक्याच कॅलरी, फार तर वर १५-२० टक्के. सायकलवाले रोज वापरतात तो हाच हिशेब.

पॉवर मीटर महाग असतो, घ्याच असं मी म्हणणार नाही. तुम्ही पुण्यात आहात, सिंहगडाचा घाट पॉवर मीटरचं बरंचसं काम करतो. तुम्ही, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो धरा आणि चढ सोयीसाठी ६०० मीटर. ८५ गुणिले ९.८१ गुणिले ६००, म्हणजे ५०० किलोज्यूल. हे काम गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं, यात कुणाचं मत चालत नाही. चढावर वेग इतका कमी असतो की हवेचा विरोध नगण्य, टायर आणि हवा मिळून आणखी ५०-६० किलोज्यूल. म्हणजे वर पोचेपर्यंत साधारण ५५० ते ६५० कॅलरी. वर गाडीतळाशी थांबलात की घड्याळाचा आकडा तिथेच टिपून घ्या. त्याने ९०० दाखवले तर ते तुमच्याबाबतीत किती फुगवतं ते कळलं. उतरतानाही त्याच्याकडे लक्ष ठेवा. पेडल मारायचं नसतं, दोन्ही हात ब्रेकवर, ठोके हळूहळू खाली येत असतात आणि घड्याळ तेवढा वेळ बेरीज करतच राहतं.

तुमच्या रोजच्या सपाट रस्त्याचं गणितही मी करून बघितलं. ताशी २० किलोमीटरला ताठ बसून तुम्हाला ८० ते ८५ वॅट लागतात. सव्वा तासाचे ३७५ च्या आसपास किलोज्यूल झाले, त्यात सिग्नलला थांबून पुन्हा वेग घेण्याचे आणि छोट्या चढ-उतारांचे मिळवा. ४५० ते ५०० कॅलरी होतात.

म्हणून स्ट्रावा डोळे मिटून खरं मानायचं असंही नाही. ते वेग, चढ आणि वजनावरून आकडा काढतं. वारा त्याला कळत नाही. समोरून वारा असेल तर कमी दाखवेल, ग्रुपमध्ये कुणाच्या मागे लागून गेलात तर जास्त. प्रोफाइलमध्ये स्वतःचं आणि सायकलचं वजन बरोबर भरलंय ना, तेही तपासा, तिथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

आता नाश्ता. घड्याळ 'एकूण' आणि 'ॲक्टिव्ह' असे दोन आकडे दाखवत असेल तर ॲक्टिव्ह बघा. एकूण आकड्यात तुम्ही सोफ्यावर बसून राहिला असतात तरी जळल्याच असत्या अशा तासाला ७० च्या आसपास कॅलरी असतात. तुमच्या दोन आकड्यांतला फरक ४१० चा आहे. एका वडापावच्या साधारण २५० ते ३०० कॅलरी धरल्या, तर रोज दीड वडापाव केवळ घड्याळावर विश्वास ठेवून जातो, आणि मग सहा महिने सायकल चालवूनही वजन का हलत नाही म्हणून माणूस सायकलच सोडतो. हे मला खरंच वाईट वाटतं. घड्याळ फेकू नका. मागच्या महिन्यात त्याच रस्त्याला ठोके किती होते, आज किती आहेत, हे ते छान सांगतं. छातीचा पट्टा जोडलात तर ठोके आणखी नेमके मिळतील, पण कॅलरीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

वडिलांबद्दल: त्यांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचं नाव बघा. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल ही औषधं ठोके फारसे वाढू देत नाहीत. तुमच्या इतकंच अंतर कापूनही त्यांचे ठोके १०० च्या वर जात नसतील, तर घड्याळाला वाटणार की बाबा आरामात फिरताहेत. त्यांच्यासाठी ठोके आणि कॅलरी दोन्ही बाजूला ठेवा. चढावर त्यांना तुमच्याशी सलग दोन वाक्यं बोलता येत असतील तर जोर बेताचा आहे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करायला सांगा. आणि ठोक्यांची मर्यादा किती ठेवायची, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.