एमएससाठी रेकमेंडेशन लेटर कोणाकडून घ्यावं? प्रिन्सिपल, ओळखीचे साहेब की प्रोजेक्ट गाइड?

म्हणजे तू बी.एफ.एससी.च्या (मत्स्यशास्त्राच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला, अमेरिकेत ॲक्वाकल्चरच्या एमएसला अर्ज करायचेत, आणि डोक्यात तीन नावं आहेत: प्रिन्सिपल, मामांच्या ओळखीचे मुंबईचे कोणी संचालक, आणि प्रोजेक्ट गाइड, पण ते 'नुसते असिस्टंट प्रोफेसर, पीएचडी पण नाही' म्हणून मन धजत नाहीये. मी इकडे रत्नागिरीतच शिकवतो आणि दरवर्षी पोरांची ही पत्रं लिहितो, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगतो. (तू म्हटलं तर राग नसावा.)

गाइड पहिले, डोळे झाकून. संचालक साहेबांना गाळ.

कारण आम्हाला युनिव्हर्सिटीची लिंक येते ना, तिथे पत्र अपलोड करताना बऱ्याचदा एक फॉर्म पण असतो, ह्याला किती वर्षं ओळखता, कुठल्या नात्याने, आणि तुमच्या हाताखालून गेलेल्या पोरांत हा वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत. संचालक साहेब इथे काय टिक करणार, 'मित्राचा भाचा' असा ऑप्शन नसतो तिथे.

मागे एका मुलीसाठी लिहिलं होतं. बांगड्यावर प्रोजेक्ट, पहाटे इथल्या मिरकरवाडा बंदराला बोटी लागल्या की सॅम्पल घ्यायचं, लॅबमध्ये आणून लांबी-वजन करायचं, पोट फाडून गाबोळी कितपत भरलीय ते बघायचं. आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे डेटात दोन महिन्यांचं भगदाड, आणि पोरं काय करतात, मे आणि ऑगस्टच्या आकड्यांवरून मधले आकडे बसवून मोकळी होतात. हिने ते दोन रकाने कोरे ठेवले आणि का कोरे ते खाली लिहिलं. मी पत्रात हेच सविस्तर लिहिलं, 'हुशार, मेहनती, नम्र' वगैरे काही नाही. प्रिन्सिपलना हे कुठून कळणार, ते बिचारे ऑडिटच्या फायलींत.

प्रिन्सिपलनी तुला खरंच एखादा पेपर शिकवला असेल तर गोष्ट वेगळी. नायतर दुसरं पत्र ज्यांच्याकडे थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही केलंस त्यांचं घे, तिसरं ट्रेनिंगला हॅचरीत ज्यांच्या हाताखाली होतास त्यांचं. थीसिसवाला एमएस असेल तर इंडस्ट्रीचं एकच ठेव, आणि गाइडना पीएचडी नाही म्हणतोस तर दुसरे सर पीएचडीवाले बघ, म्हणजे तोल राहतो. तीन हा आकडा मुख्यतः अमेरिकेचा, यूकेला बहुतेक दोनावर भागतं, जर्मनीत काही कोर्सना एकही मागत नाहीत, तेव्हा आधी प्रत्येक कोर्सचं पेज वाच आणि मगच सरांना त्रास दे.

विचारताना 'सर, लेटर द्याल का' असं नको. 'माझ्याबद्दल चांगलं लिहिता येईल इतकं माझं काम तुम्ही बघितलंय का' असं विचार. आपल्याकडे तोंडावर नाही कोणी म्हणत नाही, 'बघूया' म्हणाले की समजून जा आणि दुसरं दार बघ.

'तूच लिहून आण, मी सही करतो' हे तर होणारच. तिन्ही पत्रं तू लिहिलीस तर तिन्हीत तुझीच भाषा येणार, आणि वाचणाऱ्याला ते कळतं, तो वर्षाला ढिगाने पत्रं वाचतो. शिवाय मजकूर ज्याचा त्यानेच लिहावा हा तिकडचा नियमच आहे. त्याऐवजी एक पानभर मुद्दे दे: कुठला प्रोजेक्ट, काय अडलं, काय केलंस, मार्कलिस्ट, एसओपीचा (हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या निबंधाचा) ड्राफ्ट, कॉलेजांची यादी तारखेसकट. पान हातात पडलं की बरेच सर आपणहून लिहायला बसतात.

अमेरिकेच्या फॉर्मवर फर्पाचा (FERPA) एक प्रश्न येईल, विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डबद्दलचा तिकडचा १९७४ चा कायदा आहे तो, पत्र नंतर बघायचा हक्क सोडतोस का म्हणून. सोड. नाही सोडलास तर पत्र तुझ्या धाकात लिहिलंय असं वाटू शकतं.

आणि वेळेचं. बऱ्याच डेडलाइन १ किंवा १५ डिसेंबरच्या, पण गणपतीत इथे कोणी हाताला लागणार नाही, पुढे दिवाळी, मध्ये परीक्षा. म्हणून गणपतीच्या आधी विचारून ठेव, दिवाळीनंतर लिंक पाठव, सरांचा कॉलेजचा ईमेल असेल तर तोच दे. लिंक पाठवलीस की फोन करून स्पॅम बघायला सांग, बऱ्याचदा लिंक तिथेच पडून असते.