वाचक विचारतात: ब्लँकेटं वाटून झाल्यावर?

प्रश्न: ताई, आमच्या चर्चचा तरुण संघ दरवर्षी नाताळच्या आधी गावाबाहेरच्या कुष्ठवसाहतीत जातो. ब्लँकेटं वाटतो, केक देतो, गाणी म्हणतो, फोटो काढून परत. यंदा काही जण म्हणतायत की कुष्ठरोग आता संपलाय, दुसरीकडे जाऊ. काय करावं? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: 'संपलाय' हे 2005 च्या सरकारी घोषणेवरून म्हणतात, पण तिचा अर्थ एवढाच होता की दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी पेशंट. आजही देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे पेशंट सापडतात. आणि वसाहतीतली म्हातारी माणसं बहुतेक कधीच बरी झालीयत, तरी तिथंच आहेत, कारण घरच्यांनी परत घेतलं नाही!

म्हणून जाच, पण जरा वेगळं काहीतरी करा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 मध्ये आलेले सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगानं सडून गळत नाहीत, नसा बधिर झाल्यामुळे चटका, काटा, जखम काही कळतच नाही आणि त्यातून बोटं जातात. काहींची बोटं तर रात्री उंदीर कुरतडायचे आणि सकाळपर्यंत पत्ता नाही, मग पेशंटना मांजरं पाळायला दिली. (मला ही गोष्ट त्यांच्या गाजलेल्या ऑपरेशनांपेक्षा जास्त आवडते.) औषधानं जंतू मरतात पण मेलेली नस परत येत नाही, त्यामुळे पायाची काळजी जन्मभर घ्यावी लागते, रोज पाय पाण्यात भिजवायचे, कडक कातडी घासायची, ओल्यावरच तेल लावायचं आणि मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या) रबराची चप्पल घालायची. तर आधी तिथल्या सिस्टरना विचारून मापं घ्या आणि ब्लँकेटांच्या पैशात चपला आणा. ब्लँकेटं डिसेंबरात सगळेच देतात हो.

दुसरं म्हणजे कागदपत्रं. बोटं झिजली की ठसा उमटत नाही, मग आधार अडतं, रेशन अडतं, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे अडतात. डोळ्याच्या स्कॅनवर आधार होतं पण ते सेतू केंद्रात भांडून करून घ्यायला सोबत कुणीतरी लागतं, आणि ते काम मोबाईल हातात असलेली तुमची पोरं मस्त करतील, एका रविवारी नाही, चार-सहा महिने लागून राहावं लागेल. फोटो मात्र बंद करा.

प्रश्न: आई म्हणते तिथला चहा पिऊ नकोस, लागण होईल. खरंय का? – त्याच संघातली एक मुलगी

उत्तर: बिनधास्त पी, चहाच्या कपातून कुष्ठरोग होत नाही. आणि बरं झालेल्या माणसापासून तर कुठलीच लागण होत नाही, उपचार चालू असलेल्याचाही संसर्ग थोड्याच दिवसांत थांबतो. मार्कच्या शुभवर्तमानात कुष्ठरोगी येशूकडे येतो तेव्हा येशू नुसत्या शब्दानं बरं करू शकला असता, पण त्यानं आधी हात पुढे करून शिवलं, हे आईला वाचून दाखव. आणि घरात कुणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा, गोळ्या फुकट मिळतात, सहा नाहीतर बारा महिन्यांचा कोर्स असतो, मधेच सोडायचा नाही.