मुलांच्या ॲनिमेशनपटांत आई किंवा बाप नेहमी का मरतात? पाच वर्षांच्या मुलीला हे सिनेमे दाखवावेत का?

तुम्ही लिहिलंय की ‘द लायन किंग’ बघितल्यापासून मुलगी रात्री उठून "बाबा आहे ना?" विचारते, घरात आता "हे सिनेमे बंद" असा सूर लागलाय, आणि पोरांसाठी काढलेल्या सिनेमात आईबापांना मारायचा एवढा सोस कशाला, हे तुम्हाला कळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. बंद करू नका, निवडून दाखवा. आणि निवडताना कोण मरतं ते बघू नका. मेल्यावर सिनेमा त्या पोराजवळ किती वेळ थांबतो, ते बघा.

मी मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात वाचनालय सांभाळते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, बाहेर पाऊस कोसळतोय, पोरांना खेळायला जागा नाही. म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही भिंतीला चादर लावून सिनेमे दाखवतो. एरवी पहाटे समुद्रावर असणारे बापही जाळं घेऊन मागे येऊन बसतात.

आता आईबाप का मरतात. एक कारण निव्वळ गोष्ट रचण्याचं आहे. सिनेमा दीड तासाचा, नायक आठ-दहा वर्षांचा. घरात शहाणी आई असेल तर पहिल्या पंधरा मिनिटांत ती त्याला हाताला धरून घरी आणेल आणि गोष्ट संपेल. पोराला स्वतःच्या पायावर उभं करायचं तर मोठ्यांना वाटेतून हलवावंच लागतं. आपल्याकडेही हेच चालत आलंय. रामाला वनवास, कृष्ण देवकीपासून तोडलेला, ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उठवलेलं. दुसरं कारण जुनं. हिमगौरी, सिंड्रेला या ज्या लोककथांवर हे सिनेमे उभे राहिले, त्या काळी बाळंतपणात बाई जाणं आणि घरात सावत्र आई येणं रोजचं होतं. ते गोष्टीत आलं आणि तिथून पडद्यावर.

आमच्याकडे दशावतारात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की रोहिदासाला साप चावतो आणि तारामती आक्रोश करते, तेव्हा अर्धी पोरं आयांच्या मांडीवर जागीच असतात. त्यांना बाहेर न्यावं असं कुणाच्या मनातही येत नाही. म्हणजे मृत्यू दाखवणं हा नवा गुन्हा नाही.

तुमच्या लेकीला ‘लायन किंग’ (१९९४) का लागला असावा, याबद्दल माझा एक अंदाज आहे. बाप मुफासा मेल्यावर छावा सिम्बा त्याचा कान ओढतो, उठत नाही म्हटल्यावर त्याच्याच पंजाखाली शिरून झोपतो. हे दुःख पोरांना समजतं, त्यावर ती रडतात आणि मोकळी होतात. खरी गोम पुढच्या मिनिटात आहे. काका येऊन सांगतो की हे तुझ्यामुळे झालं, आता पळ. काका खोटं बोलतोय हे आपल्याला माहीत असतं. पाच वर्षांच्या पोराला ते पटकन उमगत नाही, कारण त्या वयात घरात काही वाईट झालं की ‘मी काहीतरी केलं म्हणून’ असं वाटायची सवयच असते. लगेच पुढे ‘चिंता सोडा’ छापाचं गाणं येतं, गाण्यातच सिम्बा मोठा होतो, आणि काका खरं कबूल करतो ते थेट शेवटच्या मारामारीत. तोवर तुमची लेक कदाचित पेंगत असेल. तिला एकदा स्पष्ट सांगा, सिम्बाची काही चूक नव्हती, काका खोटारडा होता. कुणी सांगावं, रात्रीच्या प्रश्नामागे हेच अडकलेलं असेल.

याच्या अगदी उलटं ‘बॅम्बी’त (१९४२). हरिणीला गोळी लागताना दाखवतच नाहीत. नुसता आवाज येतो. पाडस पळत सुटतं, मागे वळून बघतं तर आई नाही, वरून बर्फ पडतंय आणि ते हाका मारतंय. रक्ताचा थेंब नाही, तरी पोरांना हुडहुडी भरते. आमच्याकडे एका पोरीने मोठ्यांदा विचारलं होतं, "तेची आवस खंय गेली?" त्यावर मागून एकही मोठा माणूस बोलला नाही.

‘फ्रोझन’चं (२०१३) मात्र मला पटत नाही. गाण्याच्या मधल्या तुकड्यात राजाराणी जहाजावर चढतात, एक लाट येते, जहाज नाहीसं होतं. तसबिरीवर काळं कापड, दोन दगड, आणि गाणं पुढे चालू! शहरातल्या पोरांना ते कथेतलं वळण वाटत असेल. आमच्या वाडीत बोट बुडणं म्हणजे काय ते पोरांना ठाऊक आहे. दरवाजावरच्या गाण्याला पाय हलवणारी सगळी रांग त्या लाटेला थिजली, आणि सिनेमा तोवर पुढे निघूनही गेला होता.

‘फाइंडिंग निमो’ (२००३) बघा. आई आणि सगळी अंडी पहिल्या काही मिनिटांतच जातात, उरतं एकच अंडं. पण पुढचा सगळा सिनेमा त्या एका घटनेचाच आहे: बापाची भीती. पोराला काही होऊ देणार नाही म्हणणारा बाप त्याला काहीच करू देत नाही, हे बापालाच कळावं लागतं. इथे पोरं हसत होती आणि मागचे बाप गप्प झाले होते. एक जण नंतर म्हणाला, "पोराक पाण्यात सोडूक धीर होणा नाय, तां खरां आसा." तो स्वतः तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या आहे. याच माणसाने शेवटी मासे एकजुटीने खाली जोर लावून जाळ्यातून सुटले तेव्हा टाळ्या पिटणाऱ्या पोरांना ऐकवलं, "असलो तांडेल आमच्याकडे एक दिवस टिकाचो नाय." (जाता जाता: खऱ्या क्लाउनफिशमध्ये मादी मेली की तिच्या जोडीचा नर स्वतःच मादी होतो. ‘निमो’ काढणाऱ्या पिक्सारने हे गाळलं ते बरंच केलं, नाहीतर प्रश्नांची उत्तरं मलाच द्यावी लागली असती.)

तुमच्या मुलीसाठी मी जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींपासून सुरुवात करीन. ‘माय नेबर टोटोरो’त (१९८८) आई मरत नाही, ती दवाखान्यात आहे. खलनायक कुणीच नाही. धाकटी मेई आईसाठी मक्याचं कणीस घेऊन एकटीच दवाखान्याकडे निघते आणि चुकते, एवढीच मोठी आपत्ती. मियाझाकींच्या स्वतःच्या आईला मणक्याचा क्षय होता आणि त्या कित्येक वर्षं आजारी होत्या. सिनेमात मेईची थोरली बहीण घर सांभाळताना जी ओढाताण करते, ती इतकी खरी का वाटते ते त्यावरून कळतं. ‘पोन्यो’ (२००८) तर आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो. त्यात बाप जहाजावर आहे, यायचं ठरलेल्या रात्रीही घरी येऊ शकत नाही. पोरगा घरातून दिव्याची उघडझाप करून जहाजाशी बोलतो, आई रागावून जमिनीवर पसरते. ‘बोटीर’ गेलेले नाहीतर मुंबईला असलेले बाप ज्यांच्या घरात आहेत, त्या पोरांना यात काही समजावून द्यावं लागत नाही.

एक धोक्याची सूचना. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ मियाझाकींच्याच स्टुडिओचा, जिब्लीचा आहे, आणि १९८८ मध्ये जपानात ‘टोटोरो’च्या जोडीनेच लागला होता. कार्टून आहे म्हणून चुकूनही लावू नका. त्यात युद्धातली भावंडं उपाशी मरतात. तो तुम्ही दोघांनी, मुलगी झोपल्यावर बघा.

बघण्याच्या पद्धतीबद्दल. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. पोथीतली रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि गाऊन आख्यान सांगायचं. तिथे सांगणारा माणूस हजर असतो. समोरचं पोर घाबरलं तर तो चित्र जरा जास्त वेळ धरतो, नाहीतर पुढचं उचलतो. सिनेमाला ते जमत नाही, म्हणून रिमोट तुमच्या हातात ठेवा. मुफासा पडला की थांबवा, तिला काय वाटतंय ते बोलू द्या, मग पुढे चालू करा. सलग बघितला पाहिजे असा काही नियम नाही. ‘टोटोरो’ त्यासाठी सोयीचा, संवाद कमी आहेत. आम्ही आवाज बारीक करून मधूनमधून मालवणीत सांगतो, तुम्ही तुमच्या घरच्या बोलीत सांगा.

आणि ‘लायन किंग’ तिने स्वतः पुन्हा मागितला तर दाखवा, पण या वेळी शेवटपर्यंत. काकाची कबुली तिने जागेपणी ऐकायला हवी.